वाफाबाईचा उन्हाळा

तिला खरं नाव होतंच, पण धुलाईच्या कारखान्यात सगळे तिला वाफाबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग हळूहळू तोंडावर म्हणायला लागले, आणि एक दिवस तिनंच टेलिफोन उचलून "हां, वाफाबाई बोलतेय" म्हटल्यावर विषय मिटला. मोठ्या इस्त्रीच्या रुळापाशी उभं राहून तिची अर्धी उमर सरली होती. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे अभ्रे, डॉक्टरांचे पांढरे कोट, सगळं तिच्या हाताखालून जायचं. ओली चादर रुळात घातली की फुस्स करून वाफ यायची. उन्हाळ्यात तिच्याशी कुणी दोन शब्द बोललं की तस्संच व्हायचं. नाव काही उगाच पडलं नव्हतं.

थंडीत मात्र ही बाई लोण्याहून मऊ. एखादीचं मूल आजारी असलं की तिच्या वाटची पाळी स्वतः करणार, नव्या बाईला बोट भाजू न देता चादर कशी सोडायची ते दहादा दाखवणार, मालकाची नक्कल करून सगळ्यांना हसवणार. पण गावावरून तो कोरडा वारा वाहायला लागला, कारखान्याचा पत्रा तापून तडतडायला लागला, की हिची झोप उडायची. रात्रभर कूस बदलायची, पहाटे जरा डोळा लागतोय तोच उजेड खिडकीतून थेट तोंडावर. मग दिवसभर डोक्यात राख. चादरीला सुरकुती राहिली की घड्या घालणारीवर ओरडायची, सुरकुती राहिली नाही तर "आज कसं काय जमलं?" म्हणून ओरडायची.

घड्या घालणारी तिची जुनी मैत्रीण होती. सगळे तिला चिमणी म्हणत, कारण ती बसल्या जागी चिवचिवत राहायची. ती एकदा म्हणाली, "अगं, मालकानं तुलाच रुळाला जोडावं, कोळसा तरी वाचेल."

"तुझी जीभ जोड त्या रुळाला," वाफाबाई म्हणाली, "सपाट तरी होईल."

यावर सगळ्या हसल्या, पण वाफाबाईला नंतर वाईट वाटलं. तिला नेहमीच नंतर वाईट वाटायचं. उन्हाळाभर बोलून घ्यायचं आणि थंडीभर ओशाळत बसायचं, असं तिचं वर्षाचं गणित होतं. माफी मागणं तिला कधी जमलं नाही. शब्द घशाशी यायचे आणि परत जायचे. म्हणून तिनं आपली एक रीत काढली होती. पहिली गार झुळूक आली की ज्याला ज्याला उन्हाळ्यात बोललो त्याचा एकेक कपडा घरून मागवून घ्यायचा आणि सुट्टीच्या दिवशी अशी इस्त्री करून द्यायची की नवाकोरा वाटावा. गल्लीतल्या लोकांना हे ठाऊक झालं होतं. दारात इस्त्री केलेला सदरा आला की बायका म्हणायच्या, "आली गं माफी, घडी मोडू नकोस." कुणी चेष्टेनं असंही म्हणायचं, "मला यंदा काही बोलली नाहीस, माझा कोट मळलाय की!"

आणि कुणी विचारलंच, की बाई, असं का गं करतेस, तर तिचं उत्तर तयार असायचं. "मी कुठे बोलते? ऊन बोलतं माझ्या तोंडून."

नवरा तरुणपणीच गेला. एक मुलगा होता, तो मालट्रक चालवायचा, महिन्यातले मोजके दिवस घरी. त्यामुळे त्या दोन खोल्यांच्या घरात राहायला दोघीच, वाफाबाई आणि तिची सून. सून घरी शिवणकाम करायची. कारखान्यात आलेले फाटके कोट आणि उसवलेल्या चादरी दुरुस्तीला तिच्याकडेच यायच्या. सुनेचा स्वभाव गार. असा गार, की शेजारीण म्हणायची, "हिच्या अंगात रक्त आहे का सरबत?" सासू कितीही तापली तरी ही "हो आई" म्हणून मशीनवर मान घालायची. वाफाबाईला तिचं भारी कौतुक. चारचौघींत सांगायची, "माझी सून म्हणजे ओला टॉवेल. माझ्यासारखीला तीच पाहिजे. माझं बोलणं तिला लागतच नाही मुळी." म्हणूनच थंडीत सगळ्या गल्लीचे कपडे इस्त्री व्हायचे, पण सुनेचं एक पोलकंसुद्धा त्या ढिगात कधी नसायचं. जिला लागतच नाही तिची माफी कशाला?

त्या वर्षी थंडीत दवाखान्यातली एक तरुण डॉक्टरीण कारखान्यात आली. हवा बदलली, ऋतू बदलला, की माणसाच्या अंगात काय काय बदलतं ते ती शोधत होती. तिला अशी माणसं हवी होती जी उन्हातान्हात आणि वाफेत राबतात. तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं, की आपल्या अंगात ताणाचा एक रस असतो. त्याचं एक लांबलचक नावही सांगितलं, ते वाफाबाईनं तिथंच दाराशी ठेवून दिलं. सकाळी उठताना तो रस वर चढतो, त्याच्या जोरावर माणूस अंथरुणातून उठतो. दिवसभरात तो उतरत जातो, रात्री अगदी खाली येतो, मग झोप लागते. पण उकाडा, अपुरी झोप, कमी-जास्त उजेड, मनाची धास्ती, यानं त्याची चाल बिघडू शकते. कुणाची थंडीत बिघडते, कुणाची उन्हाळ्यात. आणि तो थुंकीत सापडतो.

"म्हणजे तुम्ही आमची थुंकी नेणार?" चिमणीनं विचारलं.

"हो."

"न्या बाई. फुकट आहे."

प्रत्येकीला छोट्या नळ्या आणि कापसाचे बोळे मिळाले. सकाळी डोळे उघडल्याबरोबर, अंथरुणातून न उठता, चहाचा घोटही न घेता एक बोळा चावायचा, आणि रात्री झोपण्याआधी दुसरा. एकदा आता थंडीत, एकदा ऐन उन्हाळ्यात. डॉक्टरीण घरोघर जाऊन पुन्हा नीट सांगून आली. वाफाबाईच्या घरी आली तेव्हा सून मशीनवर होती. डॉक्टरीण बोलत असताना मशीन थांबलं होतं, हे वाफाबाईच्या कानांनी टिपलं नाही.

थंडीत वाफाबाईनं बोळा ऐटीत चावला. झोप छान झाली होती, मन शांत होतं. नळी देताना म्हणालीसुद्धा, "बघा डॉक्टरीणबाई, मधासारखी असेल."

उन्हाळा आला. तो वारा आला. नळ्या आल्या. आणि ठरल्या सकाळी काय झालं, तर वाफाबाईचे डोळे उघडले ते खिडकीच्या आवाजानं. रात्री ओला पंचा टांगून सुनेनं खिडकी अर्धी लावली होती, ती वाऱ्यानं आपटली. डोळे उघडण्याआधीच वाफाबाईचं तोंड उघडलं. खिडकीवरून सुरू झालं ते सुनेच्या माहेरपर्यंत गेलं, तिथून मुलाच्या ट्रकवर आलं, आणि मग एकदम तिला उशाशी ठेवलेली नळी दिसली.

ती गप्प झाली. तिला वाटलं, राग सगळा तोंडातून गेला, म्हणजे थुंकीत तो आलाच असणार. आता ही नळी जाणार दवाखान्यात, तिथलं यंत्र ती चाखणार आणि सांगणार, की ही बाई भडकू आहे. आजवर ऊन बोलत होतं. आता यंत्रानं ठरवून दिलं, की ऊन नाही, हीच बोलते, तर मग? चिमणीला कळणार, मालकाला कळणार. कुठे तोंड दाखवायचं?

सून शेजारच्या अंथरुणावर उठून बसली होती, पाय अजून चादरीतच.

"घे," वाफाबाई म्हणाली. "तू चाव हा. माझ्या तोंडाला कोरड पडलीय."

सुनेनं बोळ्याकडे पाहिलं. मग सासूकडे पाहिलं. "हो आई," म्हणाली, आणि चावला. रात्रीचाही तिनंच चावला. वाफाबाईनं नळ्यांवर आपली चिठ्ठी चिकटवली आणि मनात म्हणाली, गार पाण्याची नळी गेली, आता काय सापडायचंय ते सापडू दे.

पुढे बऱ्याच दिवसांनी, वारा अजून थांबला नव्हता तेव्हा, डॉक्टरीणबाईचं बोलावणं आलं. एकटीलाच. चिमणी म्हणाली, "तुझ्या थुंकीनं नळी वितळली असेल." वाफाबाई हसली, पण दवाखान्याची लांबची वाट धरली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं तिला खुर्चीत बसवलं, दार लावलं आणि फार हळू आवाजात बोलायला लागली. वाफाबाईला असा हळू आवाज माहीत होता. नवऱ्याच्या वेळी असाच कुणीतरी बोलला होता.

"मावशी, घाबरू नका. उन्हाळ्यात बऱ्याच जणींचा रस थोडाफार बदललाय, ते मला अपेक्षित होतं. झोप कमी, उकाडा. पण तुमचं काही वेगळंच आहे. सकाळी फार चढलेला, आणि रात्री उतरायला हवा तो उतरतच नाही. झोपायच्या वेळीसुद्धा तुमचं अंग पहाऱ्यावर उभं असल्यासारखं आहे. थंडीतली तुमची नळी इतकी चांगली होती, की दोन्ही शेजारी ठेवल्या तर वाटतं दोन वेगळ्या बायकांच्या आहेत."

वाफाबाईनं पदराशी चाळा सुरू केला.

"छातीत धडधडतं का? खाल्लेलं अंगी लागतं का? कधी उगीच रडू येतं?"

"मला? नाही... म्हणजे, बघावं लागेल."

"बघावं लागेल म्हणजे?"

"विचारावं... म्हणजे आठवावं लागेल."

डॉक्टरीणबाई थोडी पुढे वाकली. "मावशी, एक विचारते. राग मानू नका. नुसत्या उन्हानं असं होईल असं मला वाटत नाही. घरात कुणी तुमच्यावर ओरडतं का?"

वाफाबाईला वाटलं, खुर्चीसकट आपण जमिनीत जावं. ओरडणारीला विचारतायत, की तुझ्यावर कुणी ओरडतं का. आणि विचारतायत तेही किती मायेनं! त्या मायेचीच तिला जास्त लाज वाटली, कारण ती तिच्या वाट्याची नव्हती. ती तिनं चोरली होती.

"आहे एक बाई," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला.

"कोण?"

"घरातलीच."

"रोज?"

"थंडीत नाही," वाफाबाई म्हणाली. "थंडीत बरी असते."

डॉक्टरीणबाईनं तिच्या हातावर हात ठेवला. "रक्त तपासून घेऊ. दुसरा काही आजार नाही ना, ते बघायला हवं. हे अंगावर काढू नका. परवा या." आणि वाफाबाई "हो" म्हणून निघाली. खरं सांगायचं धाडस तिथं झालंच नाही. बाहेर चिमणी भेटली. "काय म्हणाली?" "म्हणाली, पाणी पीत जा." बाई, खोटं बोलणं किती सोपं असतं! एकदा सुरू झालं की रुळावरच्या चादरीसारखं आपसूक पुढे सरकतं.

घराच्या वाटेवर तिनं स्वतःला खूप समजावलं. यंत्र चुकलं असेल. कापूस खराब असेल. सून तर गार आहे, तिला काय धाड भरलीय? पण दाराशी आल्यावर तिनं एक गोष्ट केली जी ती कधी करत नसे. कडीचा आवाज न करता दार हळूच लोटलं.

सून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. भांड्यावर झाकण ठेवत होती. ठेवण्याआधी तिनं भांड्याच्या काठावर एक कापडाची पट्टी फिरवली, मग झाकण टेकवलं. आवाज झाला नाही. चमचे एका जुन्या मोज्यात घालून ठेवले होते. वाफाबाईनं तो मोजा रोज पाहिला होता आणि म्हटलं होतं, काय बाई खूळ. खिडकीच्या चौकटीत कापूस ठासला होता, पुन्हा आपटू नये म्हणून. शिवणाच्या मशीनखाली जुनी सतरंजी. बादली मोरीत अशी ठेवलेली, की जाणाऱ्याच्या पायाला लागणार नाही. सबंध घर या मुलीनं असं मुकं करून टाकलं होतं. वाफाबाईला वाटायचं, उन्हाळ्यात आपलं घर किती शांत असतं!

दाराची फळी जराशी कुरकुरली. सुनेचे खांदे कानापर्यंत वर गेले. नुसता एक झटका. मग ती वळली आणि चेहरा नेहमीसारखा. "आलात आई? पाणी देते."

"नको," वाफाबाई म्हणाली. आणि तिथंच, चप्पल न काढता, उंबऱ्यात बसली.

"काय झालं? चक्कर येतेय?"

"तुझ्या छातीत धडधडतं का गं?"

सुनेनं हात पुसायचं फडकं उचललं.

"खाल्लेलं अंगी लागत नाही. ते तर दिसतंच आहे, मला दिसायला हवं होतं. रडू येतं?"

"आई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

मग वाफाबाईनं सांगितलं. शब्द घशाशी आले, परत जायला लागले, पण या वेळी तिनं ते धरून ओढले. नळ्यांचं, चढणाऱ्या रसाचं, तो रात्री उतरत नाही त्याचं. "मी त्यांना सांगितलं नाही, की ती थुंकी तुझी. त्या माझ्याशी इतक्या गोड बोलल्या, आणि मी ते ऐकून घेतलं. लाज नाही मला. परवा रक्त द्यायचंय. तुला. तू चल." मग ती म्हणाली, "मी कोरड पडली म्हणाले ना, ते खोटं होतं. मला भीती वाटली यंत्राची."

"मला माहीत होतं," सून म्हणाली.

"काय?"

"कोरड पडलेलं माणूस इतकं ओरडू शकत नाही."

दुसरी कुणी असती तर वाफाबाई यावर हसली असती. सूनही हसत नव्हती. ती ओट्याला टेकून उभी होती, हात पुसायच्या फडक्याला पीळ घालत.

"डॉक्टरीणबाई घरी सांगायला आल्या तेव्हा मी सगळं ऐकलं होतं," ती म्हणाली. "बोळ्यात काय सापडतं ते मला कळलं होतं. तुम्ही दिलात तेव्हा मला वाटलं, नको म्हणावं. मग वाटलं, चावावाच. कुणाला तरी कळेल. माझं नाव नसलं तरी चालेल, पण कळेल तरी. मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, ऊन आहे. यांना सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, आईचं मनावर घेऊ नकोस. मग मी कुणाला सांगणार होते?"

हे सगळं तिनं त्याच गार आवाजात सांगितलं, आणि वाफाबाईला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की हा गारवा नाही. भांड्याच्या काठावर फिरवलेली ती कापडाची पट्टी आहे. तिला रडू आलं, पण रडायचीही लाज वाटली. रडलो तर ही पुढे येईल, पाणी देईल, पाठीवरून हात फिरवेल, आणि पुन्हा आपणच आजारी ठरू. म्हणून ती उंबऱ्यातच बसून राहिली, आणि बराच वेळ दोघींपैकी कुणीही झाकणाला हात लावला नाही.

ठरल्या दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. बाहेरच्या बाकावर नेमकी चिमणी बसली होती, गुडघा दाखवायला आलेली. आणखीही दोनचार जण. डॉक्टरीणबाई दारात आली, म्हणाली, "या मावशी. सूनही आलीय का?"

आतमध्ये सांगता आलं असतं. दार लावून, हळू आवाजात. वाफाबाईच्या मनात तसंच होतं. पण सून खाली मान घालून उभी होती, आणि वाफाबाईला कळलं, की आत गेलो की आपण पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोलू. म्हणून ती तिथंच म्हणाली, "डॉक्टरीणबाई, उन्हाळ्यातली नळी माझी नव्हती. हिची होती. मी बदलली. आणि तुम्ही विचारलं होतंत ना, घरात कोण ओरडतं, ती बाई मीच."

चिमणीचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून चिवचिव काही निघाली नाही. डॉक्टरीणबाईच्या चेहऱ्यावरची माया सरकली, तिथं दुसरं काहीतरी आलं. राग म्हणावा तर राग नव्हता. त्याहून वाईट होतं. वाफाबाईचे कान इस्त्रीसारखे तापले. आपली थंडीपासूनची मेहनत फुकट गेली, हिशेब बिघडला, हे सगळं डॉक्टरीणबाई बोलू शकली असती. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." मग सुनेकडे वळली. "तुझं रक्त घेऊ. थोडं बोलूही. सासूबाई आत हव्यात, का बाहेर बसू देत?"

वाफाबाईला वाटलं, ती म्हणेल, येऊ देत. इतकं कबूल केल्यावर तेवढं तर म्हणेल. ती पाऊल उचलणारच होती.

"बाहेर," सून म्हणाली.

दार लागलं. वाफाबाई बाकाच्या टोकाला बसली. चिमणी जरा सरकली. जागा द्यायला सरकली का लांब व्हायला, ते कळायला मार्ग नव्हता, आणि वाफाबाईनं विचारलं नाही. खिडकीतून तोच गरम वारा येत होता. कपाळावरून घाम ओघळत होता, आणि त्याच्यावर कशाचंही खापर फोडावंसं तिला वाटत नव्हतं.

आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग सुनेचा आवाज आला, बारीक, अडखळत. मग सलग. मग तो वाढायला लागला. शब्द कळत नव्हते, पण चढ कळत होता. लग्न होऊन आल्यापासून वाफाबाईनं हा आवाज ऐकला नव्हता. या मुलीला असा आवाज आहे हेच तिला माहीत नव्हतं. बाकावरची माणसं दाराकडे पाहायला लागली. दाराजवळच्या बाईनं कान टवकारले आणि तिथं सरकून बसायची खूण वाफाबाईला केली, म्हणजे तिथून नीट ऐकू येईल. वाफाबाई जागची हलली नाही.

आवाज आणखी चढला. काहीतरी पडलं, बहुधा खुर्ची.

"कोण हो ही बाई एवढी ओरडतेय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "दवाखाना आहे का काय हे?"

"माझी सून आहे," वाफाबाई म्हणाली. तिनं मान खाली घातली होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका होता. "तिला ओरडू द्या."